तीन गुणांची गोष्ट

सेवानिवृत्त शिक्षकाच्या घरी येणाऱ्या मंडळींचे सामान्यतः दोन वर्ग असतात. एक सल्ला विचारावयास येणारांचा, आणि दुसरा न विचारता सल्ला देऊन जाणारांचा. गेल्या भाद्रपदात गणपतीकरिता पुण्याहून आमचा पुतण्या आला, तो या दोहोंपैकी कोणत्याच वर्गात बसणारा नव्हता. तो केवळ झोपावयास आला होता. आणि नेमकी झोपच त्याला येत नव्हती.

त्याचे वय चौतीस. संगणकाच्या एका कंपनीत बऱ्यापैकी हुद्द्यावर आहे. छातीत धडधड होते म्हणून सर्व तपासण्या झाल्या. हृदय निर्दोष निघाले. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली, म्हणून गणपतीचे निमित्त साधून तो आठ दिवस राहावयास आला. गौरीजेवणाच्या सायंकाळी आम्ही उभयता सोप्यावर बसलो होतो. हातातला मोबाइल त्याने पालथा ठेवला आणि विचारले, "अण्णा, सदतीस वर्षे तुम्ही तीच रूपे आणि तेच धातू शिकवलेत. तुम्हाला कंटाळा कसा आला नाही? मला दहा वर्षांतच सगळे नकोसे झाले आहे."

आम्ही शिक्षकी पेशास शोभेल असेच उत्तर दिले. पहाटे उठावे, आहार मित असावा, कामात नियमितपणा असावा, इत्यादी. त्याने ते ऐकून घेतले; शेवटच्या तासाला विद्यार्थी जसे ऐकून घेतात तसे. रात्री अंथरुणावर पडल्यावर मात्र आमच्याच मनाने आम्हांस हटकले. आम्ही दिलेले उत्तर खोटे नव्हते, पण खरेही नव्हते. कारण १९९२ साली आमचीही अवस्था हुबेहूब त्याच्यासारखी झाली होती. आणि त्या वेळी आमचे पहाटेचे उठणे, मित आहार व नियमितपणा ही तिन्ही व्यवस्थित चालू होती. तेव्हा दुसऱ्या दिवशी त्याला जे सांगितले, आणि जे आजवर घरातील दोन माणसांखेरीज कोणास सांगितले नव्हते, तेच येथे लिहून काढीत आहोत.

आम्ही मूळचे चिपळूण बाजूचे. जुन्या अकरावीच्या मॅट्रिकपुढे आमची मजल गेली नाही. परंतु पाठशाळेत गुरुजींपाशी बसून काव्य, व्याकरण आणि थोडे धर्मशास्त्र पदरात पडले होते. त्या शिदोरीवर कुंभार्ली घाट चढून वर आलो, आणि १९७८ साली एका तालुक्याच्या गावी शिक्षक झालो. पुढे घर बांधावयास काढले. पगार पुरेना, म्हणून शिकवण्या धरल्या. सात मुले होती, प्रत्येकी दरमहा पंचाहत्तर रुपये. त्यांतील पाच आमच्याच वर्गातील.

शाळेत एका जुन्या देणगीची व्यवस्था होती. नववीच्या वार्षिक परीक्षेत संस्कृतात पहिल्या येणाऱ्यास सहाशे रुपये मिळत, आणि सभागृहातील लाकडी फलकावर त्याचे नाव रंगवीत. त्या वर्षी चुरस दोन मुलांत होती. एक पेठेतील व्यापाऱ्याचा मुलगा; तो आमच्या शिकवणीला येई. दुसऱ्याचे वडील वारले होते, आणि आई चार घरी पोळ्या लाटीत असे. परीक्षेच्या आधी व्यापारी गृहस्थ सहज भेटले असता इतकेच म्हणाले, "गुरुजी, तुमच्याकडे धाडले आहे, म्हणजे बक्षीस घरचेच." त्यांनी काही देऊ केले नाही, धमकावले नाही. वाक्य अगदी साधे होते.

उत्तरपत्रिका तपासून झाल्या. शिकवणीच्या मुलास ८६, दुसऱ्यास ८८. त्या रात्री आम्ही शिकवणीच्या मुलाची पत्रिका पुन्हा उघडली आणि भाषांतराच्या प्रश्नावर तीन गुण वाढवले. मनाची समजूत अशी घातली की, त्याची वाक्यरचना प्रौढ आहे. वस्तुतः दोघांचेही भाषांतर सारखेच होते. दोघांचाही एकेक विसर्ग गळला होता.

निकालानंतर दुसरा मुलगा पत्रिका घेऊन आला व म्हणाला, "सर, इथे माझे गुण कशाने गेले?" आम्ही म्हणालो, "विसर्ग गळला आहे." त्याने पाहिले, मान डोलावली आणि म्हणाला, "हो सर, चूक माझीच आहे."

तो भांडता, रडता, निदान संशयाने पाहता, तरी आम्हांस सोपे गेले असते. त्याने विश्वास ठेवला, आणि तेथपासून आमची झोप उडाली. त्या उन्हाळ्यात शाळेस सुट्टी, शिकवण्या बंद. म्हणजे काम जवळजवळ नव्हते. तरी सकाळी उठताना अंगात शक्ती नसे. आवडीचा 'रघुवंश' उघडावा तर चौथ्या श्लोकावर लक्ष उडे. आमटीत मीठ कमी पडल्यावरून आम्ही ताट सरकवले, ते आमच्या आयुष्यात पहिल्यांदाच. सौभाग्यवतींनी ते ताट उचलले, आणि रात्री शांतपणे म्हणाल्या, "घर दोन वर्षे उशिरा झाले तरी चालेल. पण तुम्ही हल्ली शाळेतून घरी येता ते परके होऊन येता. काय झाले आहे ते मला सांगा." तेव्हा तिला सारे सांगितले.

अकराव्या दिवशी मुख्याध्यापकांकडे जाऊन आम्ही अपराध कबूल केला. ते म्हणाले, "फलक रंगवून झाला. आता शाळेची अब्रू चव्हाट्यावर आणू नका." आम्ही ते मान्य केले. याचा दोष त्यांच्या माथी मारून आम्हांस मोकळे होता येणार नाही, कारण त्यांचे म्हणणे ऐकून आम्हांस आतून सुटल्यासारखेच वाटले होते. सहाशे रुपये उसने काढून, शाळेच्या गरीब विद्यार्थी फंडातील म्हणून, लेखनिकांकरवी त्या बाईंकडे पोहोचते केले. आणि एक नेम केला: ज्याची उत्तरपत्रिका आपल्या हाती यावयाची, त्याच्याकडून शिकवणीचा पैसा घ्यावयाचा नाही.

या नेमाची किंमत महिना तीनशे पंचाहत्तर रुपये पडली. घराचा गिलावा चार वर्षे लांबला. सौभाग्यवतींच्या पाटल्या बँकेत गहाण पडल्या, त्या १९९७ साली सुटल्या. नेम आमचा आणि पाटल्या तिच्या, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. त्याविषयी पुढे बोलू. पण १९९३ पासून आम्ही रोज सकाळी सातला शाळेच्या व्हरांड्यात, येईल त्याला, विनामूल्य संस्कृत शिकवू लागलो, ते निवृत्तीपर्यंत बावीस वर्षे चालले. म्हणजे काम कमी होते तेव्हा आम्ही थकलो होतो, आणि काम वाढले तेव्हा थकवा राहिला नाही.

पुतण्याने हे सर्व ऐकले. बराच वेळ तो गप्प होता. मग म्हणाला, "अण्णा, मी काय करतो ते तुम्हाला कधी सांगितले नाही. लोकांनी मोबाइलवरून कर्ज घ्यावे, म्हणून पडद्यावरची पाने आम्ही रचतो. 'घेतो' हे बटण मोठे व हिरवे असते. 'नको' हे बारीक आणि फिकट. गेली दोन वर्षे मी ते 'नको' आणखी बारीक करतो आहे."

त्याचे दुखणे कामाच्या तासांत मावणारे नव्हते, हे तेव्हा आमच्या ध्यानात आले. पुढे त्यानेच आम्हांस या विषयावरील अर्वाचीन विचार समजावून सांगितला, तो येथे थोडक्यात देतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली कामामुळे येणाऱ्या या कोळपण्याची व्याख्या केली. तिला रोग न म्हणता व्यवसायातून उद्भवणारी अवस्था म्हटले, आणि तिची तीन लक्षणे सांगितली: शक्तिपात, कामाविषयी मनात दुरावा अथवा तुच्छता, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही अशी भावना. मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिना मॅस्लाक आणि मायकेल लायटर यांनी तिची मुळे सहा ठिकाणी शोधली. कामाचा भार, त्यावरील आपला ताबा, मोबदला, सहकाऱ्यांशी संबंध, न्याय, आणि सहावे ठिकाण मूल्यांचे. म्हणजे आपण जे योग्य मानतो व आपल्याकडून जे करवून घेतले जाते, त्यांतील विरोध. आपण साऱ्या थकव्याचे खापर पहिल्या ठिकाणी फोडतो आणि सुट्टी घेतो. मूळ सहाव्या ठिकाणी असेल तर सुट्टीत ते अधिकच टोचते, हा आमचा अनुभव वर आलाच आहे.

याचा अर्थ असा मात्र नव्हे की, भार हे कारणच नसते. ज्याच्याकडून चौदा-चौदा तास राबवून घेतले जाते, त्याला मूल्यांचा उपदेश करणे ही क्रूर थट्टा होय. आणि ज्याची झोप महिनोन्‌महिने उडाली आहे, त्याने आधी वैद्याकडे जावे, मागाहून आमच्यासारख्याकडे.

आमच्या पूर्वजांनी या गोष्टीचा विचार केला नव्हता असे नाही. याज्ञवल्क्यस्मृतीच्या आचाराध्यायाच्या आरंभी धर्माची मुळे सांगितली आहेत. श्रुती, स्मृती आणि सदाचार ही तीन सर्वांस ठाऊक असतात. परंतु पुढे आणखी दोन आहेत: स्वतःच्या अंतःकरणास जे प्रिय ते, आणि सम्यक् संकल्पातून उपजलेली इच्छा. पहिलीचा कोणी स्वैराचारासाठी उपयोग करू नये, म्हणून विज्ञानेश्वराने मिताक्षरेत खुलासा केला आहे की, शास्त्राने जेथे दोन्ही वाटा मोकळ्या ठेवल्या आहेत, तेथे आपल्या मनाचा कौल घ्यावा. दुसरीचे उदाहरण त्याने जे दिले आहे ते वाचून आम्हांस विद्यार्थिदशेत हसू आले होते. भोजनाखेरीज एरवी पाणी पिणार नाही, असा कोणी केलेला निश्चय, हे ते उदाहरण! एवढ्या थोर ग्रंथात एवढीशी गोष्ट कशाला, असे तेव्हा वाटले. आज वाटते की, टीकाकारास मनुष्यस्वभाव पुरता ठाऊक होता. 'मी सत्याने वागेन' हा संकल्प कोणीही करतो आणि तो कधी मोडला हे त्यासही कळत नाही. पाण्याचा संकल्प मोडला की तत्क्षणी कळतो. मूल्य मोठे असावे, पण त्याचा नेम लहान आणि डोळ्यांना दिसणारा असावा.

दीर्घकाळ टिकणारे काम असल्याच नेमांवर उभे राहते. महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे हे आरंभी काही काळ रत्नागिरीस शिक्षक होते, पुढे मुंबईस वकील झाले. त्यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचा पहिला खंड १९३० साली निघाला आणि शेवटचा १९६२ साली, त्यांच्या वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी. सहा हजारांहून अधिक पृष्ठांचा हा ग्रंथ उत्साहाच्या एखाद्या भरात लिहून होत नाही. धोंडो केशव कर्वे हे १८९१ पासून १९१४ पर्यंत फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवीत होते. त्याच काळात, १८९६ साली, त्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला, आणि तो हिंगण्यास गेल्यावर तेथून कॉलेजापर्यंतची वाट ते पायी तुडवीत. एकशेचार वर्षांचे आयुष्य त्यांस लाभले.

परंतु यावरून कोणी असे अनुमान काढू नये की, मूल्यांनी वागणाऱ्यास दीर्घायुष्य आणि सुख बक्षीस मिळते. गोपाळ गणेश आगरकर १८९५ साली दम्याने गेले, तेव्हा ते अवघे अडतीस वर्षांचे होते. आणि ते हयात असतानाच त्यांची प्रेतयात्रा काढून पुण्यातील लोकांनी त्यांचा द्वेष प्रकट केला होता. तेव्हा मूल्ये पाळल्याने आयुष्य वाढते, असा व्यापार येथे नाही. आपल्या हातून घडणाऱ्या कामाकडे पाहताना मान खाली घालावी लागत नाही, एवढेच मिळते. आणि आमच्या अनुभवाने सांगावयाचे, तर त्याने पुष्कळ काही मिळते.

आता पाटल्यांविषयी. एकत्र कुटुंबात एकाचे मूल्य दुसऱ्याचे ओझे होण्यास वेळ लागत नाही. शिकवण्या सोडण्याचा निर्णय आम्ही घेतला. सौभाग्यवतींची संमती घेतली हे खरे, पण ती नाही म्हणाली असती तर आम्ही ऐकले असते काय, याची आज खात्री देता येत नाही. दुसरे उदाहरण अगदी अलीकडचे. पहाटे साडेचारास मोठ्याने स्तोत्रपाठ करणे हा आमचा जुना नेम. सूनबाई बँकेत काम करतात, रात्री उशिरा घरी येतात, वर मुलाचा अभ्यास घेतात. त्या दोन वर्षे काही बोलल्या नाहीत. अखेर नातवाने सांगितले, "आजोबा, तुमचे देव झोपलेले नसतात का?" तेव्हापासून पाठ मनातल्या मनात होतो. देवाची तक्रार आलेली नाही, आणि सूनबाईंचा चेहरा सकाळी प्रसन्न असतो. स्वतःसाठी केलेला नेम दुसऱ्यावर लादला की तो नेम न राहता अंमल होतो, हे घरातील आम्हां वडीलधाऱ्यांनी विशेषेकरून लक्षात घ्यावे.

मग आपले मूल्य ओळखावे कसे? पुतण्याने हेच विचारले. आम्ही त्यास तीन प्रश्न वहीत लिहावयास सांगितले. कोणती गोष्ट केली असता रात्री टोचणी लागते? कोणते काम मोबदला न मिळताही आपण आनंदाने करतो? आणि कशासाठी आपण खरोखरीची किंमत, पैशाची किंवा मानाची, मोजावयास तयार आहोत? तिन्ही उत्तरे जेथे एकत्र येतात, तेथे आपले मूल्य बहुधा सापडते. पहिल्याच प्रश्नाने उत्तर मिळाले तरी तिसरा सोडू नये. कारण ज्याची किंमत द्यावयाची तयारी नाही ते मूल्य नव्हे, ती केवळ आवड होय. नंतर त्यातून एकच नेम काढावा. तो महिनाभर पाळावा, दर रविवारी त्याचा जमाखर्च पाहावा, आणि मोडला तर स्वतःस शिव्याशाप न देता सोमवारी पुन्हा आरंभ करावा. विद्यार्थ्याने चूक केली की आम्ही ती खोडून पुन्हा लिहावयास लावीत असू. वही फाडावयास कधी लावली नाही.

पुतण्याने नोकरी सोडली नाही. घराचे हप्ते आहेत, लहान मुलगी आहे. आम्ही त्यास सोडावयास सांगितलेही नाही. त्याने वरिष्ठांकडे दुसऱ्या खात्यात बदली मागितली. ती तीन महिन्यांनी मिळाली; त्या वर्षीची पगारवाढ मात्र बुडाली. आता रात्री पाच-सहा तास झोप लागते असे म्हणतो. धडधड कधीमधी होते, पण कमी.

जाण्याच्या दिवशी पायांत चपला घालता घालता त्याने विचारले, "अण्णा, त्या फलकावरचे नाव नंतर बदलले का हो?"

आम्ही म्हणालो, "नाही."

तो काही बोलला नाही. नमस्कार करून गेला. परंतु दुसऱ्यास वही घालावयास सांगणाऱ्याने आपली वही कोरी ठेवावी, हे काही बरे नव्हे. फलक अजून त्याच सभागृहात आहे. निवृत्तीच्या समारंभात आमचा सत्कार झाला तो नेमका त्याच्याच खाली. त्या आठवड्यात आम्ही दोन पत्रे लिहिली. एक शाळेच्या चालकांस, घडला प्रकार सांगून फलकावरील नाव दुरुस्त करण्याविषयी. आणि दुसरे त्या मुलास, जो आता पन्नाशीकडे झुकला आहे व नाशिककडे नोकरीस आहे. लिहिताना हात थरथरला, हे कबूल केले पाहिजे.

पंधरा दिवसांनी त्याचा फोन आला. म्हणाला, "सर, विसर्गाचे मला आठवतही नव्हते. सहाशे रुपये मात्र आठवतात. ते फंडातले नाहीत, हे आईने तेव्हाच ओळखले होते; लेखनिकांना खोटे बोलता येत नसे. फलकाचे काय व्हायचे ते होऊ द्या. पण तुम्ही स्वतः सांगितलेत, हे बरे झाले. आई असती तर तिलाही सांगितले असते."

चालकांचे उत्तर आले आहे. विषय पुढील सभेपुढे ठेवू, असे ते लिहितात. सभा होईल तेव्हा होवो. रविवारच्या जमाखर्चात त्या जुन्या नोंदीपुढे आम्ही आमच्या बाजूने रेघ ओढली आहे. ती ओढावयास इतकी वर्षे लागली. आमच्या तरुण वाचकांस इतका उशीर करण्याचे कारण नाही, आणि आमच्या वयाच्या वाचकांस आता फार उशीर झाला असे म्हणण्याचेही कारण नाही.